निर्मलाताईंच्या दाराची कडी

उपस्थित सर्व बंधूंनो आणि भगिनींनो,

शोकसभेत हळू आवाजात बोलावं, गेलेल्या माणसाचे चार गुण सांगावेत आणि खाली बसावं, अशी रीत आहे. ती रीत मला मान्य आहे. आज मात्र ती माझ्याकडून पाळली जाईल याची खात्री नाही. दुःख आहेच, पण मी संतापलेलो आहे, आणि तो संताप लपवून निर्मलाताईंच्या फोटोसमोर उभं राहणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

आपण ज्या सतरंजीवर बसला आहात, ती त्यांच्या मालीश केंद्राच्या दारापुढे अंथरलेली आहे. माझं कर सल्लागाराचं कार्यालय याला लागून. ताई दर्यापूरच्या. अमरावतीला रीतसर शिक्षण घेऊन त्या अकोल्यात आल्या आणि ही खोली त्यांनी भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं, ठाऊक आहे? बोर्ड लावला नाही. नारळ फोडला नाही. माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला आणि दाराची आतली कडी काढून टाकली. स्क्रूची भोकं पुट्टी भरून बुजवली.

मी विचारलं, "ताई, लोक कडी लावून घेतात, तुम्ही काढता?"

त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, मोठं माणूस इथं अर्धे कपडे काढून उताणं पडते. त्याले वाटलं पाहिजे का मनात आलं तर आत्ताच उठून जाता येते. अन् माह्या हातावर बी कोनाचा तरी धाक पाहिजे."

माह्या हातावर बी. हे शब्द कृपया नीट ऐका. त्यांनी नियम केला तो इतरांवर संशय घेण्यासाठी नव्हे. आधी स्वतःला त्या नियमाखाली आणलं, मग इतरांना.

दार लोटलेलं. आत जाड पडदा. अंगावर चादर, आणि ज्या भागाचं काम तेवढाच भाग उघडा. प्रत्येक वेळी प्रश्न: "इथं हात लावू का?" माझा खांदा धरला होता तेव्हा मी त्यांच्याकडे जात असे. रोज तोच खांदा, रोज तोच प्रश्न. एकदा मी वैतागलो. "ताई, कालच हो म्हटलं होतं ना?" त्या हसल्या. "कालचं हो काल सरलं. आजचं बोला." मला दुसऱ्या एका पेशंटच्या पाठीविषयी उत्सुकता होती, तीही विचारून पाहिली. उत्तर मिळालं, "इकडचं तिकडं कराले मी का पोस्टमन हाओ?" पुन्हा विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

आता तो प्रसंग. इथल्या अनेकांना तो माहीत आहे, आणि अनेकांनी तो आपापल्या सोयीनं सांगितला आहे. म्हणून मी तो जसा घडला तसा सांगतो.

या इमारतीचे मालक दिवाकरराव यांचे एक पाहुणे कंबरदुखीसाठी आले. टेबलावर पालथे पडले आणि नको ते मागू लागले. ताईंनी हात बाजूला घेतले. "चादर घ्या, कपडे घाला, बाहेर निघा." गृहस्थ ओरडू लागले. बाहेर बाकावर कांताबाई गुडघ्याच्या मालीशसाठी थांबल्या होत्या. त्यांनी काठीनं दार ढकललं आणि पडद्यापाशी उभ्या राहून विचारलं, "काय झालं वं माय? कोन बोंबलून राहिला?"

बस. एवढंच. एका म्हातारीच्या काठीनं दार उघडलं, कारण त्याला कडी नव्हती.

पाहुणे शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि जिन्यात म्हणाले, "मालीशवालीले एवढा नखरा?" मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो. गावात मात्र बोलणं उरलं. "काही असल्याशिवाय का कोणी बोलते?" हे वाक्य बोललेली माणसं आज हार घेऊन आलेली आहेत. मी नावं घेणार नाही. त्यांनी मान खाली घालण्याची आवश्यकता नाही; माझ्याकडे पाहावं.

ताईंचं हृदय अचानक थांबलं. माणसाच्या हातातली ती गोष्ट नव्हे, त्याचा राग मी कोणावर काढणार? माझा राग आज सकाळचा आहे.

ताईंची शिष्या प्रतिभा पातूरहून एसटीनं येते. ती तिथं भिंतीशी उभी आहे. सकाळी ती माझ्या टेबलासमोर आली. "काका, मालकायनं आतून कडी बसवली जी. मी सोमवारपासून कामाले येऊ का नको येऊ, सांगा ना." मी जाऊन पाहिलं. ताईंनी भरलेली पुट्टी खरवडून, त्याच भोकांत, नवी कोरी स्टीलची कडी.

मी दिवाकररावांना विचारलं. ते इथंच आहेत. चूक झाल्यास मला थांबवावं. ते म्हणाले, "अहो, सेंटर ताईंच्याच नावानं चालवू. बाहेर त्यांचा मोठा फोटो लावतो. पण चांगले चांगले लोक येतील, त्यांना प्रायव्हसी नको का?"

दिवाकरराव, तुमच्या मनात वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. तरीही मला सांगा: पडदा होता, चादर होती, आडोसा पुरेसा होता. आडोसा पेशंटसाठी असतो. कडी कोणासाठी असते? बाहेर ताईंचा फोटो आणि आत कडी! ज्या बाईनं ती स्वतःच्या हातानं काढली, तिचंच नाव त्या दारावर? आणि त्या दाराआड सोमवारी ही मुलगी एकटी उभी राहणार? कांताबाईंची काठी तेव्हा काय करणार?

ही ती कडी. सभेपूर्वी मी काढली. मालकाला न विचारता काढली, हे मी सर्वांसमक्ष सांगतो. स्क्रूड्रायव्हर तोच आहे. चारही स्क्रू सोबत आहेत. फोटोसमोर ठेवतो. वस्तू दिवाकररावांची आहे, त्यांनी घेऊन जावी. ती पुन्हा त्या दाराला लावायची की नाही, एवढंच त्यांनी सांगावं.

आता आपण सर्वांनी उभं राहावं. डोळे मिटू नयेत, ही विनंती. त्या लोटलेल्या दाराकडे पाहावं. ही शांतता किती वेळ चालेल हे मी ठरवणार नाही. प्रतिभाच्या प्रश्नाचं उत्तर दिवाकरराव देतील, तेव्हाच ती संपेल.

ताई, नमस्कार.