बाबांचा घडीचा चाकू

धार लावणाऱ्याच्या दुकानात माझ्या पुढे बहीण-भाऊ उभे होते. बहिणीने खिशात मावेल असा घडीचा चाकू काउंटरवर ठेवला.

"याची धार पार घालवून द्या. सफरचंद कापताना बाबांनी बोट कापून घेतलं."

"आणि पातं काळं पडलंय. गंजलंय का हो?" भावाने विचारलं.

"छे! जुनं पोलाद काळं पडतंच," दुकानदार म्हणाला. "धार बघा, अजून कागद सरसर कापतंय."

"धारेचं कौतुक नको," बहीण म्हणाली. "त्यांचे हात थरथरतात आता."

"बोट कुठं कापलं?"

"चाकू धरलेल्या हाताचं. आतल्या बाजूने, पेरावर."

"मग हातांना कशाला बोल लावता? मागची स्प्रिंग गेलीय. हे बघा, जरा दाबलं की मिटतोय. बोटावर आपणहून मिटला असणार."

"ताई, बाबा हेच सांगत होते."

"आणि तू म्हणालास, वय झालं."

"त्यांच्या स्कूटरची किल्ली तू काढून घेतलीस."

"स्प्रिंग बदलून मिळेल का हो?"

"थांबलात तर आत्ता देतो."

"थांबतो. धार राहू दे."

"ताई, किल्ली पर्समध्येच आहे ना?"

"आहे. पण द्यायला तू जा. ते माझ्याशी बोलत नाहीयेत."

"माझ्याशी तरी कुठे बोलतायत?"