तळमजल्यावरचा वर्ग

कुवेतला मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. जहरा गावाहून शहराकडे निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावर रत्नागिरीकडचं जोडपं बसलं होतं.

“शाळेचे मुदीर, हेडमास्तर स्वतः हो म्हणाले ना, बिल्कीस? शिपाई रोज आपल्या सुरैयाला उचलून माडीवरच्या वर्गात नेईल. मग आज परत कशाला?”

“मी तुम्हाला वर्ग खाली मागायला सांगितलं होतं. तुम्ही शिपायावर राजी होऊन आलात.”

“सरकारी शाळा आहे ती. एका पोलिओच्या पोरीसाठी वर्ग हलवतात होय?”

“एकीसाठी कुठे? आपल्याच भागातल्या अशाच दोन पोरी तर घरीच बसल्यात. त्यांच्या आया आज शाळेच्या दारात थांबणार आहेत. मीच बोलावलंय.”

“तू पुढारीण कधीपासून झालीस?”

“बाकी कोणी तोंड उघडेना, तेव्हापासून.”

“परका मुलूख आहे. माझी नोकरी गेली तर सगळेच परतीच्या बोटीत बसू.”

“ती भीती मलाही आहे.”

“मग? पोरगी वर पोचली, शिकली, झालं. आणखी काय हवं?”

“मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तिलाच विचारलं.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, तो मला वर ठेवून निघून जाईल. मग लघवीला खाली यायचं झालं तर मी कोणाला हाक मारू?”

नवरा तिच्याकडे वळून बसला.

“तुला अरबी धड येत नाही. हे मी सांगतो त्यांना.”

“नको. अरबीत कसं म्हणायचं तेवढं शिकवा. बोलणार मी.”