शिंगाच्या पिशव्या

लातूर जिल्हा नवा झाला त्या दुष्काळी साली, एसटी स्टँडावर माझ्या पाठीमागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"धुरपताबाई, यवढ्या उन्हात कुठं निघालात?"

"कोकणात. सुनेला आणायला."

"तुमीच हाकललं म्हणं तिला?"

"हाव. तिच्या पेटीत काळ्या पिशव्या घावल्या, चामड्यावानी. कोपऱ्याकोपऱ्याला शिंग. विहीर आटलेली, वासरू मेलेलं. घरात आमी पाच, पिशव्या बी पाच. मला वाटलं, करणीच."

"ती काय म्हणली?"

"पाकटावानी चपट्या माशाच्या अंड्याच्या पिशव्या हायत, लहानपणी समुद्रावर येचल्या म्हणली. शिंगावरून माशाची जात कळती म्हणली. म्या म्हणलं, माशाला कुठं शिंगं असतेत? गल्ली गोळा करून दारात जाळल्या."

"अगं माय! मग कळलं कसं?"

"परवा इथल्या कालेजात परदर्शन व्हतं. काचंत तसलीच पिशवी. खाली सून म्हणली तेच लिहिलेलं. लेकानं वाचून दाखविलं, अन् माझ्याकडं बघितलंच न्हाई."

"आता तिला त्वांड कसं दाखवताल?"

"एक पिशवी वाऱ्यानं उडून अंगणात पडली व्हती. ही बघा, पदरात बांधली."

"कोण्या जातीची हाय?"

"शिंगं लांब हायत, यवढंच दिसतंय. पुढचं ती सांगत व्हती, म्या ऐकून घेतलं न्हाई. तेच इचारायला चालले."