गुणवंतरावांनी मोडलेला नियम

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, सरपंच रीनाताई, सावली तालुक्याहून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, निवृत्त होणारे आपले पोलीस पाटील गुणवंतराव, त्यांच्या सौभाग्यवती गुणाबाई आणि जेवणाची वेळ टळली तरी बसून राहिलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

मी साधना लच्छू गेडाम. बचत गटातर्फे दोन शब्द बोलायला उभी आहे.

आतापर्यंत सगळ्यांनी पाटीलभाऊंच्या शिस्तीचं कौतुक केलं. टाळेबंदीत त्यांनी वेशीवर बांबू आडवा बांधला, म्हणून कोरोनात आपल्या गावात एकही माणूस दगावला नाही, असं पाहुणेही म्हणाले. खरंच आहे ते. माझे मालक नाल्यापलीकडे वारले. आपलं गाव नाल्याशी संपतं.

आम्ही दोघं तेलंगणात मिरची तोडायला गेलो होतो. काम बंद, गाड्या बंद, म्हणून पायी निघालो. वाटेतच मालकांना ताप भरला. वेशीवर तुम्ही सारे काठ्या घेऊन उभे होता. एवढी माणसं आमच्या लग्नालाही नव्हती. मालकांनी लांबूनच विचारलं, "पाटीलभाऊ, मी कुठी जाऊ? माहं घर तं इथीच हाय ना?"

पाटीलभाऊंनी नियम सांगितला: बाहेरून आलेल्यानं चौदा दिवस गावाबाहेर राहायचं. आम्ही नाल्यापलीकडच्या झोपडीत राहिलो. गुणाबाई बांधावर भात ठेवून जायच्या. डॉक्टर बोलावला असता, तर गावात रोग आल्याचं कबूल करावं लागलं असतं, नाही का? म्हणून कोणी बोलावला नाही. तो कोरोनाच होता का, हेही आजवर कोणाला ठाऊक नाही.

मालक गेले, तेव्हा मी बांधावरून हाका मारल्या. गाव जागं होतं. दारं लागल्याचे आवाज मला ऐकू आले.

मी एकटीच खड्डा खणायला लागले. तेवढ्यात पाटीलभाऊ फावडं घेऊन, बांबूखालून वाकून आले.

"भाऊ, तुमचा नियम?"

"सरक मांगं, बाई. एकटीच्यानं होत नाई हे."

त्यांनी मालकांना उचललं, खाली निजवलं, माती दिली. मग मी विचारलं, "आमाले तवाच काऊन नाई येऊ देलं?"

"भेव लागलं, बाई."

"आता नाई लागत?"

"लागून राह्यलं ना."

ते घरी गेले नाहीत. आपल्याच नियमाप्रमाणे नाल्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली राहिले. पाटील कामानं तालुक्याला गेले, असं तुम्हाला सांगण्यात आलं. तुम्हीही ते लगेच मानलंत. गुणाबाई मात्र माझा नि त्यांचा, असा दोघांचा भात आणू लागल्या.

तर पाहुण्यांनी दिलेली शाल त्या बांबूसाठी असेल. आमच्या गटाचा नारळ त्या फावड्यासाठी आहे. पाटीलभाऊ, मान खाली घालू नका. फोटो काढायचा आहे.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सगळ्यांनी मला माफ करावं. मीही तुम्हाला माफ करून पाहते आहे. अजून जमलं नाही.