आवाज फक्त डाव्या दारात

चंदन : हसू नको गो, पण ह्यां बघ. स्टिरिओच्या वायरीच्या जोडाक टेपच नाय. जाळ्याचो दोरो बांधल्यानी हत.

तन्वी : बाबांनी?

चंदन : मगे आणि कोणी? स्टिरिओचो खोको घेवन आधी माझ्याच गॅरेजात इल्ले. मी म्हटलंय, काका, गाडी दोन तास ठेवन जावा, आता पूर्वीसारखी गाडी नाय, आत कॉम्प्युटर आसा, वायरी जोडूक बरोबर मापाचो कपलर लावूक होयो. तर म्हणाले, जल्मभर बोटीचा इंजिन सांभाळलंय, माका तू दोन वायरी जोडूक शिकवतंस? खोको काखोटीक मारून गेले चलत.

तन्वी : मला फोनवर सांगितलं होतं, चंदननेच बसवून दिला म्हणून.

चंदन : माझा नाव सांगल्यानी? बरा झाला, गावात कोणाक उघडून दाखवल्यानी नाय. धंदो बसलो असतो माझो.

तन्वी : बॅटरी उतरते ती ह्यामुळेच?

चंदन : ह्यामुळेच. ही पिवळी वायर कायम चालू रवता, रेडिओची स्टेशना लक्षात ठेवूक. ही तांबडी, ती चावी फिरवल्यावरच चालू होवूक होयी. काकांनी दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीक लावल्यानी. चावी काढली तरी स्टिरिओ आपलो जागो. काका रोज गाडी भायर काढीत, म्हणान तेंका कळला नाय. आता दोन म्हयने दारात उभी.

तन्वी : दोन महिने सहा दिवस.

चंदन : होय.

तन्वी : उद्या कुडाळचा बाजार आहे, चंदन. आईची सुक्या मासळीची जागा तेवढेच दिवस रिकामी आहे. शेजारी बसणाऱ्या बाईचा निरोप आला, ह्या बाजारालाही आली नाहीस तर तिथे दुसरी बसणार. आई म्हणते, बसू दे. काल मी म्हटलं, गाडी मी चालवते, तू नुसती शेजारी बस. तर म्हणाली, गाडी सुरू तरी होता काय? आज सुरू झाली नाही ना, तर ती परत कधी बाजारात बसायची नाही. तिला तेवढं कारण पुरे आहे.

चंदन : सुरू होतली. पण ह्यां सगळा कापूक लागतला. खाऱ्या हवेन तांबा हिरवा पडला बघ. गरम होवन एक दिवस आग लागात. कापू?

तन्वी : थांब जरा.

चंदन : तन्वी...

तन्वी : कळतंय रे. किती सारख्या गाठी आहेत बघ, एक मोठी नाही, एक लहान नाही. हॉस्पिटलात शेवटी त्यांना पेला धरवत नव्हता. मला वाटलं होतं, तोच हात लक्षात राहणार.

चंदन : एक तुकडो बाजूक काढून देव?

तन्वी : नको. ठेवून काय करू.

चंदन : मगे आणखी एक. ह्यां माका कळणा नाय. उजव्या दाराची, डायवरच्या बाजूची स्पीकरची वायर कापून तिचा टोक बंद केल्यानी. आवाज फक्त डाव्या दारात. चुकून झाला म्हणशील तर तसा नाय, तीन गाठी मारल्यानी वर. काकांका कानान कमी येय काय?

तन्वी : छे. मी अंगणात चप्पल काढली तरी आतून विचारायचे, कोण तां? आईला माहीत असेल. पण गाडीचं काही विचारलं की ती उठून आत जाते.

(तन्वीची आई राधाबाई चहाचे कप घेऊन पडवीतून अंगणात येतात.)

राधाबाई : चाय घेवा. अजून उघडूनच बसलंस काय रे चंदन?

चंदन : काकी, एक विचारू? काकांनी उजवीकडचो स्पीकर कित्या बंद केल्यानी?

तन्वी : चंदन, राहू दे ना.

राधाबाई : इंजिन आयकाक.

चंदन : काय?

राधाबाई : तीस वर्सा ट्रॉलरच्या इंजिनाकडे बसलेलो माणूस तो. म्हणत, इंजिन बिघडाच्या आधी सांगता, तेच्याकडे एक कान ठेवूक लागता. मी म्हणय, अहो ही गाडी, बंद पडली तर बुडाची नाय, उतरान चलत जावया. आयकाचे नाय. गाण्याची हौस माका, तेंका कधी नाय. मगे म्हणाले, डावी बाजू तुझी, उजवी माझी. कुडाळ येयपर्यंत मी गाणी आयकय आणि ते इंजिन.

तन्वी : आणि चावी काढल्यावरही तो चालू राहायचा, तेही तुझ्यासाठी?

राधाबाई : बाजारात पोचलो की चावी खिशात घालून ते हमालाक बोलवूक जात. चावी दुसऱ्याच्या हातात देवची नाय, ही बोटीवरची सवय. मी एकटी गाडीत बसान रवय. एकदा म्हटलंय, तुम्ही गेल्यात की गाणा पण जाता. दुसऱ्या दिवशी ह्यां सगळा उघडून बसले. जेवक उठाक नाय.

तन्वी : हे मला कधी बोलली नाहीस.

राधाबाई : बोलण्यासारखा काय आसा तेच्यात. चाय पी, थंड होता.

चंदन : काकी, पण आता ह्यां कापूक लागतला. आग लागाची भीती आसा.

राधाबाई : मगे काप. माका विचारतंस कित्या?

तन्वी : ती पकड माझ्याकडे दे. मी कापते.

चंदन : घे. बॅटरीचा टोक काढून ठेवलंय, भिया नको. एकेक वायर काप, सगळी एकदम नको. तशी. बस्स. आता ही. झाला.

तन्वी : झालं?

चंदन : झाला. आता कपलर बसता. पण काकी, तांबडी वेगळी केली की चावीबरोबर गाणा बंद होतला. तुमच्या बाजूक एक वेगळो बटण देव?

राधाबाई : बटण कित्याक? ही खंय उतरान गेली तर चावी माझ्याकडे देवन जायत.

तन्वी : म्हणजे येतेस उद्या?

राधाबाई : मगे मासळी कोण, तू इकतलंस? सुको बांगडो खंयचो आणि पेडवो खंयचो, ता तरी कळता काय तुका? उजाडता उजाडता निघाक होया. नायतर माझ्या जाग्यावर ती येवन बसतली.

चंदन : मगे उजव्या दाराचा काय करू? तसोच बंद ठेवू स्पीकर?

राधाबाई : जोड. हिका इंजिनातला काय कळता? आयकांदे गाणी.