माणसं खोक्यात भरणारा राक्षस

रोझीताई, आणि मित्रांनो, आज इतके सगळे आलात. उभी राहिले खरी, पण शब्द सापडत नाहीत. मधेच हसू आलं तर समजून घ्या. फ्रान्सिसभाऊ गेले, पण त्यांच्याबद्दल रडत बोलायची मला सवय नाही.

वसईचा माणूस. इथे दुबईत हॉटेलातल्या मेजवान्या, बँक्वेट सांभाळायचे. वेड एकच, जपानी राक्षसांचे सिनेमे. बिल्डिंगमधल्या मुलांना, रोझीताई, तुमच्या घरी बोलावून दाखवायचे. रबरी सूट बघून मुलं खिदळायची. भाऊ म्हणायचे, हसा, पण तो का आला ते बघा. माणसांनी बॉम्ब फोडले, म्हणून तो जागा झाला. शहर तुडवलं जातंय आणि साहेब लोक मीटिंग घेताहेत, तेही बघा. जे उघड बोलवत नाही, त्याला त्या जपानी लोकांनी शेपूट लावलं.

एकदा त्यांनी मुलांना विचारलं, आपला राक्षस कोणता? माझी ईशा तेव्हा लहान. ती इंग्रजीतच म्हणाली, एक दिवस आपल्याला इथून जावं लागेल, तो.

झालं. अल क्वोजला मित्राच्या गोडाऊनमध्ये शूटिंग सुरू. पुठ्ठ्याचं दुबई मरीना. गादीच्या फोमचा सूट, एसीच्या पाइपचं शेपूट, आत घामाने निथळणारे भाऊ. हा राक्षस इमारती पाडत नव्हता. घराघरात शिरून माणसांना खोक्यात भरायचा आणि वर टेप लावायचा.

सिनेमा दाखवला तेव्हा आपण किती हसलो, आठवतं? मग हळूहळू हसू थांबलं. अंधारात ईशाने विचारलं, "बाबा, आपल्यालाही जायचंय का?"

माझ्या नवऱ्याची, संजयची नोकरी गेली होती, आणि इथे नोकरी गेली की व्हिसाही जातो. आम्ही घरात कुजबुजत होतो, तिला काही कळत नाही असं समजून.

संजय म्हणाला, "हो बेटा. कदाचित."

दिवे लागले. भाऊ अर्ध्या सूटमध्येच आमच्यापाशी आले. म्हणाले, "आधी जेवू. मग यल्ला, चल, सीव्ही पाठव."

त्या जेवणात आपल्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णींनीही आपलं सांगितलं. त्यांचीही नोकरी गेली होती. संजयला पुढे अबुधाबीत काम मिळालं. कुलकर्णी मात्र पुण्याला परतले. त्यांचं सामान बांधायला आपण सगळे गेलो होतो. भाऊ पूर्ण सूट घालून आले आणि खोक्यांना टेप लावत बसले. कुलकर्णींची मुलं हसत हसत एअरपोर्टला गेली.

चला, उभे राहूया. थोडा वेळ शांत राहू. वाटलं तर शेजारच्याचा हात धरा.

भाऊ, नमस्कार. फार मजा आली.