रूट कॅनालच्या तीन चकरा

तुम्हाला सांगतो, गारखेड्यातल्या आमच्या डॉक्टरसाहेबांनी माझं पहिलं रूट कॅनाल हातानंच केलं होतं. केसाएवढ्या बारीक कानशीनं दाताची मुळं आतून घासायचे. मी वाळूजच्या कारखान्यात फिटर, म्हणून मुद्दाम विचारायचे, "काय, कानस नीट धरली ना?" तोंड उघडं, मी काय बोलणार! पण तीन चकरांत दोस्ती जमली.

परवा दुसऱ्या दाताचं रूट कॅनाल त्यांच्या डॉक्टर लेकीनं मशीननं एका बैठकीत उरकलं. साहेब आता रिटायर, बाहेर बाकड्यावर बसलेले.

"एवढ्यात झालं?"

"व्हय साहेब. लई झकास."

त्यांनी आत लेकीला आवाज दिला, "यांना पुढच्या आठवड्यात परत बोलव गं."

"गरज नाही, पप्पा."

"दाताला नसेल. मला आहे."